महापुरातलं पोर

कोगनोळी
९ ऑक्टोबर २०२२

परशराम,

पत्राच्या वर 'चिरंजीव' लिहायचं असं चौथीत शिकवलं होतं. पुढं शाळाच सुटली, त्यामुळं चिरंजीव बोलायचा बंद झाला तर काय लिहायचं ते शिकायचं राहून गेलं. म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

फोन करणार होते. पण फोनवर तू "बोल" म्हणतोस आणि गप्प बसतोस. मला ऐकू कमी येतं, तू गप्प आहेस का लाइन गेली ते कळत नाही. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

यल्लाप्पानं तुला आपल्या ज्योतिबाच्या खेळाचे व्हिडिओ पाठवलेत हे मला कळलंय. "माझ्या आईला सांगू नका" असं तू त्याला बजावलंस, तेही कळलंय. यल्लाप्पा पोरांना फुटबॉल बरा शिकवतो, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. गोव्यात तुझ्या क्लबला सोळा वर्षांखालचा एक पोरगा पाहिजे, जागा एकच आहे, आणि बेळगावच्या स्पर्धेत एकतीस गोल करणारा पोरगा नेमका तुझ्या भावाचा, महादेवचा निघाला. महादेव ट्रक घेऊन हुबळीला गेलता, त्यानं तिथनंच पेढे वाटलेत. अजून तू हो म्हटलेलं नाहीस, आणि हा पेढे वाटून मोकळा.

तू पारखी माणूस. गावोगाव हिंडून पोरं निवडतोस, त्यांना मोठ्या क्लबात घालतोस. मी चाळीस वर्षं विड्या वळल्या, मला त्यातलं काय कळणार. पण यंदाचे सगळे सामने मी बघितलेत. यल्लाप्पाच्या टेम्पोत भाकरीचं गाठोडं घेऊन पोरांबरोबर जाते. मी असले की पोरं शिव्या देत नाहीत. मी देते.

तर आता ऐक. त्या एकतीसातले अकरा गोल एकाच दिवशी झालेत. समोरच्या शाळेचा गोलकीपर तापानं पडलेला, म्हणून त्यांनी कबड्डीचा पोरगा उभा केला. चेंडू आला की तो बाजूला सरायचा, आल्यागेल्याला वाट द्यावी तसा. दुसऱ्या एका सामन्याला समोरची नऊच पोरं आलती, बाकीची दसऱ्याला गावी. पंच कन्नडात दटावतो, पोरं मराठीत उलट बोलतात, दोघांना दोन्ही कळतं आणि खेळ तसाच राहतो. ओसाड गावात एरंडालाही झाड म्हणतात, परशराम. बेळगावात एकतीस म्हणजे तुमच्याकडं किती, ते तुला ठाऊक.

आमच्या कारखान्याचा तपासनीस विड्यांच्या ढिगात वरच्या विड्या कधी उचलत नव्हता. हात तळात घालायचा. यल्लाप्पानं तुला वरच्या विड्या दाखवल्यात.

ज्योतिबा अंगानं थोराड आहे. दोन पोरं अंगावर घेऊन जातो, ती पडतात, हा पुढं जातो. त्याला खेळ म्हणायचं का रेटा, ते तू ठरव. न्यायचाच असेल तर गुंजीचा भावकू ने. तिथल्या स्टेशनवर रुळावर काम करणाऱ्याचा पोरगा, काडीसारखा. गोल चारच केलेत. पण त्याच्याकडं चेंडू यायच्या आधी तो मान वळवून मागं बघून घेतो, प्रत्येक खेपेला. म्हशी राखणारं पोर जसं मोजत राहतं तसं. बाकीच्यांना चेंडू मिळाल्यावर विचार सुचतो.

ज्योतिबाला नेऊ नकोस. एवढ्यासाठीच लिहिलं. आई म्हणून वाचवत नसलं तर परकी बाई म्हणून वाच.

राजाबाई


कोगनोळी
२७ नोव्हेंबर २०२२

परशराम,

तुझं कार्ड पोचलं. चौतीस वर्षांत पहिलं, आणि त्यात चार शब्द. "ज्योतिबाचे कागद खरे आहेत?" मी चारपानी पत्र लिहिलेलं. तुझ्या हिशेबानं मीच उधळी.

हा प्रश्न तू मला का विचारलास, ते कळायला मला शाळा लागत नाही.

तुला पहिलीत बसवलं तेव्हा मास्तरांनी तारीख एक जून लिहिली. गावातली निम्मी पोरं एक जूनची, मास्तरांना तेवढी एकच तारीख पाठ. साल विचारलं तर तुझा बाप म्हणाला, "लिवा तुमच्या मनानं." तू अंगानं बारका, मास्तरांनी दोन वर्षं कमी लावली. पुढं राज्याच्या पोरांच्या संघात तुझं नाव लागलं आणि बंगळूरचा एक साहेब चौकशीला घरी आला. मी दारात विड्या वळत होते. त्यानं गोड विचारलं, "आज्जी"... नाही, तेव्हा मी आज्जी नव्हते, "आक्का" म्हणाला. "आक्का, पोरगा कधीचा?" मी म्हटलं, दुष्काळातला. मिरजेकडं खडी फोडायला गेलतो, तिथंच कळा सुरू झाल्या. त्यानं बोटं मोजली, चहा पिऊन गेला. तुझं नाव गेलं, वर दोन वर्षांची बंदी.

मला काय ठाऊक, दुष्काळ म्हटल्यानं पोराचा खेळ जातो. खरं विचारलं, खरं सांगितलं.

उंबऱ्यात उभा राहून तू म्हणालास, "तू आई न्हाईस. तू पंचनामा हाईस." आणि गेलास. बापाच्या दहाव्याला आलास तेव्हाही पाणी शेजारच्या जयाबाईकडनं मागून प्यालास. जयाबाई अजून ती गोष्ट सांगते, जरा वाढवून.

कागदांचं म्हणशील तर ते शाळेत आहेत. जन्म कोगनोळीचा, साल २००७, घरी जन्मला, बाळंतपण आज्जीनं केलं असं लिहिलंय. त्यावर शिक्का आहे. खाली माझी सही आहे.

थंडी पडलीय. भावकूनं परवा सौंदत्तीच्या पोरांविरुद्ध फार चांगला खेळ केला. गोल नाही केला.

राजाबाई


कोगनोळी
२२ जानेवारी २०२३

परशराम,

परवा बेळगावात समोरासमोर बसून जे बोलणं झालं त्यात मी तीन वाक्यं बोलले, त्यातलं एक चहाबद्दल होतं. राहिलेलं इथं लिहिते.

तू आला आहेस हे मला माहीत नव्हतं. यल्लाप्पानं या खेपेला पोटात ठेवलं, बहुतेक पोट दुखलं असेल त्याचं. मी भाकरीचं गाठोडं घेऊन टेम्पोतनं उतरले तर कुंपणाला पाठमोरा एक पांढऱ्या केसांचा माणूस. मनात म्हटलं, कुणाचा आज्जा आलाय. तू वळलास. उजव्या पायावर भार टाकत नाहीस हे तेव्हा दिसलं. कधी मोडला, कुणी सांगितलं नाही.

तू सकाळचा सामना बघितलास आणि ज्योतिबाच्या तीन गोलांना मानही हलवली नाहीस. मला बरं वाटलं. म्हटलं, माझं पत्र वाचलंय यानं. मग तू यल्लाप्पाला म्हणालास, "एरंड हाय का साग, बघूया. कॉलेजची पोरं बोलीव." आणि दुपारी ज्योतिबाला आणि भावकूला त्या वीस-वीस वर्षांच्या दाढीवाल्यांत घातलंस. तुमच्या धंद्यातली ती खरी तपासणी, हे मला पटलं. कमी ताकदीच्या पोरांत चमकणारा पोरगा दांडग्यांत टिकतो का, तळात हात घालून बघायचं.

भावकूला त्यांनी तीनदा चिखलात आडवा केला. ज्योतिबा उभा राहिला. खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि दोन गोल केले. तू खिशातनं वही काढलीस आणि लिहायला लागलास. मी पन्नास पावलांवर होते. तू काय लिहितोयस ते मला न वाचता कळत होतं. पंधराचा पोरगा विशीतल्यांना पुरून उरतो, असं लिहीत होतास.

खडेबाजारात त्याला बूट घेऊन दिलेस आणि समोरच्या हॉटेलात आपण बसलो. ज्योतिबा बूट बघत होता, त्याला आपण दिसत नव्हतो.

तू म्हणालास, "कागद बघितले शाळेत."

मी म्हटलं, "व्हय."

"तिकडं हाताचा फोटो काढत्यात. मनगटाच्या हाडावरनं वय कळतं. मी पोरगा निवडला की पहिल्यांदा गावातच फोटो काढून घेतो, मगच नाव पुढं पाठवतो. लई पोरं त्यात गळत्यात."

मी म्हटलं, "मग काढ की."

तू म्हणालास, "न्हाय काढला. खाली तुझी सही हाय. जी बाई पोटच्या पोरासाठी खोटं बोलली न्हाय, ती नातवासाठी काय बोलणार?"

आणि हसलास. तुझा पुढचा दात पडलाय, तेही मला तेव्हाच दिसलं.

त्यावर मी म्हटलं, "चहा गार होतोय."

ते तिसरं वाक्य. ज्योतिबा जूनमध्ये येईल म्हणून तू क्लबला कळवलंस असं यल्लाप्पा सांगतो. मी अजूनही म्हणते, भावकूला ने. चिखलात पडल्यावर उठताना सुद्धा त्यानं मान वळवून मागं बघितलेलं. तू वहीत लिहीत होतास, तुला दिसलं नसेल.

राजाबाई


कोगनोळी
१८ जून २०२३

परशराम,

काल ज्योतिबाचा फोन आलता. हॉस्टेलवर माशाचं जेवण मिळतं, खाली पडलं की गादीवर पडल्यासारखं वाटतं असं हिरवं मैदान आहे, हे सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आज्जी, सत्तावीसला, मंगळवारी हाताचा फोटो काढणार हाईत. काढू दे का?"

मी म्हटलं, "काढू दे. हात तुझाच हाय न्हवं?"

त्यानं फोन ठेवला. त्यालाही ठाऊक आहे, परशराम. म्हणून हे आता लिहिते.

ज्योतिबा महापुरातला आहे. दोन हजार पाचच्या. महादेवची बायको बाळंतपणाला माहेरी कागलकडं गेलती. पाणी चढलं, दूधगंगेच्या पलीकडं, हद्दीपलीकडच्या राज्यात अडकली, तिकडच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मी त्याला पाहिला तेव्हा तो अठरा दिवसांचा होता. त्याचं बाळंतपण मी केलेलं नाही. तिकडचा दाखला माझ्या ट्रंकेत आहे, माझ्या लुगड्याच्या घडीत.

चार वर्षांनी त्याची आई गेली. पोर मामाकडं राहिलं. त्यांनी शाळेत घातलं नाही, शेरडं राखायला ठेवलं. महादेवनं आणलं तेव्हा आठवं लागलं होतं. पहिलीत बसवायचं तर पोर दोन हात लांब. एक कागद करून देणारा भेटला. म्हणाला, "पलीकडचा दाखला हिकडं कशाला दावताय? घरी जन्मला म्हणा, दोन वर्षं कमी लावा, पहिलीत बसतोय, पुढं नोकरीलाबी दोन वर्षं जास्ती मिळत्यात. फकस्त आज्जीची सही पायजे." आपल्या भागात हे सगळेच करतात. घरटी दोन राज्यांचे कागद, ज्या खिडकीत जो चालेल तो.

मी सही केली. तेव्हा फुटबॉल कुठं होता? मनात एवढंच आलं, मागल्या खेपेला खरं बोलून एक घरातनं गेला. या खेपेला तोंड उघडायचं नाही.

ऑक्टोबरात तुला लिहिलं ते सगळं खरं होतं. कबड्डीचा पोरगा, नऊ जण, रेटा. एवढं खरं लिहिलं की त्याच्या आड एक खोटं मावलं. तुला वाटलं, म्हातारी खेळाचं बोलतेय. तू पारखी, म्हातारीच्या शंकेवर तू कॉलेजची पोरं बोलावलीस. तुझी परीक्षा चुकली नाही. परीक्षेला बसवलेला पोरगा साडेसतरा वर्षांचा होता.

हॉटेलात बोलता आलं असतं. चहा गार होत नव्हता, अजून आला नव्हता. पण चौतीस वर्षांनी तू माझ्यावर भरवसा ठेवलास, आणि नेमका खोट्यावर ठेवलास. तो मला मोडवला नाही. एवढंच. याला दुसरं कारण शोधू नकोस, मीही शोधलं नाही.

सत्तावीसच्या आत त्याचं नाव मागं घे. घरात कुणी मेलंय म्हणून सांग. मी मेले म्हणून सांग.

राजाबाई

२ जुलै

हे पत्र आज टाकतेय. सोमवारी टाकायला निघाले होते, पेटीपर्यंत गेले आणि परत आले. वाटलं, फोटोत कदाचित दिसणार नाही. तुझ्या बापाचंही हाड लहान होतं. चौदा दिवस हे पत्र लुगड्यांत दाखल्याबरोबर होतं. ज्योतिबाचा फोन लागत नाही. तुझाही.


कोगनोळी
२० ऑगस्ट २०२३

परशराम,

तुझं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं.

ज्योतिबा बारा जुलैला आला. पिशवी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला, तीन दिवस. मला काही म्हणाला नाही. तू निदान उंबऱ्यात बोलला होतास. तुझ्याबद्दल चौथ्या दिवशी सांगितलं. फोटो बघून डॉक्टरनं तुला आत बोलावलं, तू बाहेर आलास आणि त्याला विचारलंस, "तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला, "आज्जी दरसाल म्हणती, तू महापुरातला." मग तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास म्हणे, आणि त्याला बसपर्यंत सोडायला आलास. त्याच दिवशी क्लबनं तुला ओळखपत्र ठेवून जायला सांगितलं होतं, ते त्याला बसमध्ये बसेपर्यंत कळू दिलं नाहीस.

मी असते तर मुस्काटात मारली असती. तू माझ्यापेक्षा बरा निघालास, कुणाच्या वळणावर गेलास ठाऊक नाही.

परवा चौकशीचा साहेब आलता. पुन्हा तसाच, गोड. पुन्हा दारात. आता "आज्जी" म्हणाला. मी त्याला म्हटलं, चहा मिळणार नाही, काय विचारायचं ते विचार. त्यानं विचारलं, निवडणाऱ्या काकाला खरं वय माहीत होतं का? मी म्हटलं, न्हाय. सही माझी, खोटं माझं, त्याला मी फसवलं. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. ही सही खरी आहे.

मग विचारलं, पोराला ठाऊक होतं का? पोराला ठाऊक असेल तर कायमची बंदी, नसेल तर दोन वर्षांची. ज्योतिबा आतल्या दारात उभा होता. मी म्हटलं, "पोराला काय ठाऊक. लहान हाय त्यो."

साहेबानं वर मान करून ज्योतिबाकडं बघितलं. सहा फुटी पोरगा, ओठावर मिशी. मग दोन वर्षं लिहिलं. तेव्हा तुझ्याकडं कुणी विचारायला आलं तर तूही तसंच सांग. पोराला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी सांग. दोन वर्षांनी तो वीसचा होईल, तेव्हा त्याला कोण बोलावणार आहे हे तुला मला दोघांना कळतं. तरी कायमची आणि दोन वर्षांची यात फरक आहे.

यल्लाप्पा आलता. त्याची पोरं आता कुणी बघायला येत नाही. बेळगावचा कागद म्हटला की बाजूला ठेवतात म्हणे. भावकूच्या बापानं भावकूला खेळातनं काढलं. "ज्याचे गोल एकतीस त्योबी खोटा निघाला," म्हणाला, "आमचे तर चार." मी गुंजीला जाऊन त्याला समजावलं, तो हो हो म्हणाला आणि मला परतीच्या गाडीत बसवून दिलं. भावकू फलाटावर होता. गाडी यायच्या आधीच तिकडं बघत होता. त्याचं वय खरं पंधरा आहे, परशराम. त्याचा फोटो काढला असता तर पंधराच आलं असतं.

आता ज्योतिबाचं. शाळेत परत जाणार नाही म्हणतो. पोरं 'आजोबा' म्हणून हाक मारतात. निपाणीला तंबाखूच्या वखारीत विचारलं, तर वखारवाला म्हणाला, कागदावर सोळा आहे, अठराच्या आतला ठेवला तर मी आत जाईन. मोठ्या पोरांत लहान म्हणून चालला नाही, आणि कामावर मोठा म्हणून चालेना.

मग मी ट्रंक उघडली.

दवाखान्याचा तो दाखला पिवळा पडलाय, पण शिक्का स्वच्छ आहे. महापुराची तारीख आहे, आईचं नाव आहे. कागलच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतायचा कारखाना आहे, तिथं माणसं पाहिजे होती. सोमवारी सकाळी नाक्यावर बसमध्ये बसलो आणि पलीकडं उतरलो. फाटकावरच्या माणसानं दाखला बघितला, बोटांवर मोजलं, म्हणाला, "अठरा पूर्ण. चालतंय." तू घेतलेले बूट ज्योतिबाच्या पायात होते. ते काढून ठेवायला सांगितले, आत लोखंडी टोकाचे बूट देतात.

म्हणजे खरा कागद शेवटी कामाला आला. तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

हाताचा फोटो तिथं कुणी मागितला नाही. हात दोन आहेत का, तेवढं बघून घेतलं.

राजाबाई